खोडलेली खूण

१

धुळ्यातल्या देवपूरच्या भटूचा मुख्य धंदा रागावण्याचा. पिकअप चालवणं हा जोडधंदा, असं त्याची बायको कुंदाबाई म्हणायची आणि गल्लीत ते कोणी खोटं ठरवत नव्हतं. सकाळी नळाला पाणी आलं नाही की तो महापालिकेवर रागवे, आलं की ते बारीक आलं म्हणून रागवे, आणि पाणी चांगलं आलं तर गाडीवर रागवे. गाडीही तशीच होती म्हणा. पांढरी, पण पांढरा रंग आता फक्त टपावर उरलेला. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. नवा पार्ट मिळत नसे आणि मिळाला तर डुप्लिकेट निघे. त्यामुळे काही मोडलं की भंगारवाल्यांच्या आवारात जायचं, तसल्याच एखाद्या मेलेल्या पिकअपच्या पोटातून लागेल तो पार्ट काढायचा आणि आपल्या गाडीला बसवायचा. भटूनं गाडी अशीच जगवली होती.

थंडीच्या दिवसांत दोघं रोज सकाळी धुळ्याहून निघत, जळगावजवळ आसोद्याच्या मळ्यांतून भरताची वांगी भरत आणि संध्याकाळी देवपूरच्या बाजारात विकत. वांगं निवडावं तर कुंदाबाईनंच. नुसतं हातात धरून आत बी किती आहे ते ती सांगे. ती डाव्या बाजूला बसायची, आणि तो डावा दरवाजा म्हणजे त्या दोघांच्या संसाराची कायमची कटकट होती. त्याचं कुलूप झिजलं होतं. वळणावर दरवाजा आपोआप उघडे. म्हणून हँडलला निळी नायलॉनची दोरी बांधली होती, आणि दोरीच्या टोकाचा फास कुंदाबाई डाव्या हातात धरून बसे.

“दरवाजा नीट कर. एक दिवस मी रस्तावर पडसू, मंग बठीसन रडजो,” ती म्हणायची.

“तू नही पडत. रस्ताच उठीसन पळी जाई,” तो म्हणायचा.

तिला एक सवय होती. उकडलं किंवा डोकं तापलं की ती कपाळावरची टिकली काढून दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर चिकटवायची आणि तिथंच विसरायची. दरवाजाच्या आत मरून रंगाच्या टिकल्यांची एक लांबलचक ओळ झाली होती. भटू त्यावरूनही रागवे, पण त्यानं त्यांतली एकही कधी खरवडून काढली नव्हती.

आणि भटूची सवय खुणेची. एकदा एका गॅरेजात गाडी ठेवली, तर आत चांगला डायनामो गेला आणि बाहेर कोणाचा तरी म्हातारा डायनामो आला. तेव्हापासून जगात एकही मेकॅनिक प्रामाणिक नाही असं त्याचं ठाम मत झालं. गाडीच्या प्रत्येक पार्टवर, सहज दिसणार नाही अशा जागी, तो पंच ठोकून तीन टिंबं उमटवे. गॅरेजवाले हसत. भटू म्हणे, हसा, चोराला हसूच येतं.

त्या दिवशी एरंडोलला चहाला थांबले आणि गाडीच्या सेल्फनं, म्हणजे स्टार्टरनं, मान टाकली. हॉटेलातल्या माणसांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. भटूनं कुंदाबाईला मळ्यावर सोडलं आणि तसाच जळगावात मेहरूणच्या पलीकडे हाशमभाईच्या भंगाराच्या आवारात गेला. हाशमभाई म्हणजे पिकलेल्या दाढीचा, आवाज न चढवणारा माणूस. समोरचा शांत असला की भटूला आपला राग वाया गेल्यासारखा वाटे, म्हणून तिथं तो जरा जास्तच बोले.

“सेल्फ शे का? का नुसतं लोखंड रचीसन बठेल शेत?”

“आहे ना, भटूभाऊ. मागं ताडपत्रीखाली एक गाडी आलीय, तुमच्याच मॉडेलची. तिचा काढून आणतो.”

हाशमभाई सेल्फ घेऊन आला तोवर भटूनं आपला मेलेला सेल्फ खोलून जमिनीवर ठेवला होता. त्यानं सवयीनं नवा सेल्फ हातात घेऊन उलटा केला. खालच्या बाजूला, बरोबर त्या जागी, तीन टिंबं होती. त्यांच्यावरून छन्नीचा एक तिरपा घाव मारून ती खोडलेली होती.

भटू उसळला. “मन्हाच माल मालेच इकस का, हाशमभाई?”

“तुमचा तर हा खाली पडलाय, भाऊ.”

तेही खरं होतं. त्याचा सेल्फ पायाशी होता. त्यावर तीन टिंबं स्वच्छ दिसत होती, कुठं घाव नव्हता. पण त्याच्या सेल्फचा एक कान मागं तुटला होता आणि तो पितळेनं जोडून घेतला होता. हातातल्या सेल्फचाही तोच कान तुटून पितळेनं जोडलेला होता. जोडाच्या कडेला पितळेचा एक ओघळ थिजला होता, तोही तसाच. हाशमभाईनं दोन्ही पाहिले, दाढीवरून हात फिरवला आणि तो चहा सांगायला वळला.

“कोणीतरी मन्ही नक्कल करी ऱ्हायना,” भटू ओरडला. “वरून खूण खोडस!”

त्यानं तो सेल्फ ऑइलनं काळ्या झालेल्या मातीत आपटला, आपला उचलला आणि वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्तीला गेला. गाडी संध्याकाळपर्यंत चालू झाली, पण भटूचं डोकं काही थंड झालं नाही.

२

त्याचा पहिला संशय रतिलालवर. रतिलालचं गॅरेज देवपुरातच होतं, आणि भटूची खूण कुठं असते हे त्याला ठाऊक होतं. भटू सकाळीच तिथं जाऊन उभा राहिला आणि बोलायचं ते सगळं बोलला. रतिलालनं हात पुसत ते ऐकून घेतलं.

“भटूभाऊ, तुमची खूण चोरून मी काय करू? तुमची आख्खी गाडी फुकट दिली तरी ठेवायची कुठं, हा प्रश्न आहे.”

गॅरेजातले सगळे हसले. भटू घरी आला तो वाटेतल्या कुत्र्यावरही डाफरत आला.

बाजाराला सुट्टी होती. कुंदाबाई अंगणात उन्हाला बसून पापड वाळत घालत होती. भटूनं पोतं अंथरलं, छन्नी-हातोडी घेतली आणि गाडीखाली शिरला. ठरवलंच होतं त्यानं. खूण फुटली ना, मग ती खूणच मोडायची. एकेका पार्टवरची तीन टिंबं तो छन्नीच्या एका घावानं खोडत गेला, आणि दुसरीकडे, आणखी आतल्या जागी, नवी खूण ठोकत गेला.

नवी खूण काय असावी यावर त्यानं फार विचार केला नव्हता. गाडीखालून त्याला कुंदाबाईचा हात दिसत होता. तिच्या मनगटावर गोंदण होतं, लहानपणी जत्रेत गोंदलेलं. चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि मधे एक, असं ते व्हायला हवं होतं. पण ती रडून पळाली आणि एक कोपरा राहूनच गेला. तेव्हा तीन कोपरे आणि मधला ठिपका. असली अर्धवट नक्षी कोणाच्या बापाला सुचणार नव्हती. त्यानं तीच ठोकली. तिला मात्र सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती हसली असती.

“काय ठोकी ऱ्हायना सकाळपासून?” तिनं विचारलं.

“तुन्हं काय काम? पापड पाहा.”

सेल्फ शेवटी आला. त्याच्यावरची टिंबं खोडून भटूनं उजेडाला टॉर्च धरली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

भटू डावखुरा. त्याचा घाव उजवीकडून डावीकडे उतरता पडे. इतर कोणाचा घाव असा पडत नाही. आणि काल हाशमभाईच्या सेल्फवर जो घाव होता, तोही असाच पडलेला होता. काल रागाच्या भरात ते डोळ्यांनी पाहिलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं. घावाच्या तळाशी छन्नी किंचित घसरून एक बारीक शेपूट उमटलं होतं. काल तिथंही तसंच शेपूट होतं.

जगात डावखुरे काय कमी आहेत, त्यानं स्वतःला सांगितलं. छन्नी घसरते. कोणाचीही घसरते. त्यानं ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, जिथं आरसा धरल्याशिवाय दिसणार नाही तिथं, कुंदाबाईचं गोंदण ठोकलं आणि बाहेर आला. अंगणात ऊन होतं, पण त्याची पाठ थंडगार पडली होती. जमिनीवर पडून राहिल्यामुळे असेल असं तो म्हणाला, आणि कुंदाबाईनं चहा फार गोड केला म्हणून तिच्यावर ओरडला.

३

दुसऱ्या दिवशी तिला मळ्यावर सोडून तो पुन्हा हाशमभाईकडे गेला. बरोबर आरसा घेतला होता. कशासाठी घेतला ते त्याला स्वतःशीही बोलायचं नव्हतं.

तो सेल्फ फळीवर पुसून ठेवलेला होता. भटूनं तो उजेडात नेला आणि ब्रॅकेटच्या आत आरसा धरला.

तीन कोपरे आणि मधे एक.

काल दुपारी, अंगणात, गाडीखाली. दुसरं कोणी नव्हतं. कुंदाबाईनंसुद्धा पाहिलं नव्हतं. भटूला आधी राग आला, सवयीनं, पण कोणावर यावा ते राग आल्यावरही कळेना.

“मागनी गाडी दाखाड.”

“बघा ना. मला जरा गिऱ्हाईक आहे,” हाशमभाई म्हणाला.

आवाराच्या मागं रचलेल्या टायरांमधून वाट होती. पुढं लोखंड कापायचं यंत्र कर्कश ओरडत होतं, पण टायरांच्या पलीकडे गेल्यावर तो आवाज फार लांबून आल्यासारखा येऊ लागला. ताडपत्री जुनी होती आणि तिच्यावर धूळ नव्हती. भटूनं ती एका कोपऱ्याला धरून मागं ओढली.

भंगारातली गाडी वाचता येते. पत्रा कुठून आत गेला, काच कुठं उडाली, यावरून काय झालं ते जुन्या माणसाला कळतं. भटूला ते चांगलं कळत होतं, आणि आज पहिल्यांदा ते कळू नये असं त्याला वाटलं. पुढचा डावा कोपरा चेपून आत आला होता. उजवी बाजू धड होती. स्टिअरिंगही सरळ. डाव्या बाजूची सीट दबून तिरपी झाली होती. पण डावा दरवाजा, जो सगळ्यांत आधी चुरगळायला हवा, तो बिजागरीवर पार उघडून पुढच्या मडगार्डला टेकला होता आणि त्याची काच शाबूत होती. म्हणजे मार बसला तेव्हा दरवाजा उघडाच होता.

हँडलला निळी दोरी बांधलेली होती. भटूनं ती हातात घेऊन पाहिली. दोरी तुटली नव्हती. टोकाचा फास जसाच्या तसा होता.

दरवाजाच्या कडेला, पत्र्यात, चार भोकं होती. स्क्रूची. काहीतरी बसवून ते उपटून निघालेलं. कोणाचं तरी गावठी काम, त्याच्या मनात आलं, आणि त्या फुटकळ विचाराचा त्याला मोठा आधार वाटला. त्याच्या दरवाजाला कसलीही भोकं नव्हती. मग त्यानं दरवाजाची आतली बाजू पाहिली.

टिकल्या होत्या. मरून, एकापुढे एक, लांबलचक ओळ. शेवटची तेवढी वेगळी होती. हिरवी, मधे चमकीचा खडा असलेली.

डॅशबोर्डवर एकवीरादेवीचं स्टिकर होतं. उदबत्तीनं त्याचा खालचा कोपरा जळलेला होता. भटूनं ताडपत्री सोडून दिली.

“कोणी आणी ही गाडी?” हाशमभाईला त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“क्रेनवाला टाकून गेला, भाऊ. कागद मागून येतील म्हणाला.”

“माणसं?”

“मला काय माहीत? चालवणारा वाचला म्हणे.”

हाशमभाईनं त्याच्यासाठी स्टूल ओढलं. भटूनं ते लाथेनं उडवलं आणि गाडीत येऊन बसला. समोर डॅशबोर्डवर एकवीरादेवीचं स्टिकर होतं, जळक्या कोपऱ्याचं.

४

भटू घाबरला की त्याचं काय होई हे त्यालाही माहीत नव्हतं, कारण घाबरण्याच्या आतच तो रागावलेला असे. त्या दिवशीही तसंच झालं. कुंदाबाई वांग्यांची पोती चढवायला लागली तशी तो ओरडला, तू मागं हौद्यात बस. ती म्हणाली, पोत्यांवर बसून काय करू, भरीत होऊ? ती पुढंच बसली. परतीच्या सगळ्या वाटेत तो दर वळणाला “दोरी धर” म्हणत होता.

घरी येताच तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि घराच्या दाराला असते तशी जाड लोखंडी कडी घेऊन आला. दरवाजा आतून कडीनं बंद केला की झालं. दोरीची गरज नाही, कुलपाची नाही. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही म्हणून त्यानं स्वतःलाही एक शिवी दिली. पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. ड्रिल लावताच आरपार जाई. त्यानं एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला, तिसरा पिळला. चौथं भोक पाडून झाल्यावर त्याच्या हातातलं ड्रिल फिरतच राहिलं.

दरवाजाच्या कडेला, पत्र्यात, चार भोकं.

त्यानं ड्रिल बंद केलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. शेजारच्या घरात कोणीतरी कांडत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं आणि त्याचा त्याला संताप आला. कोणाच्या तरी गळ्याला धरून विचारावं, काय चाललंय हे, असं वाटत होतं, पण धरायला गळा सापडत नव्हता. मग त्यानं विचार केला, टिकली. हिरवी, खड्याची. कुंदाबाईनं जन्मात तसली लावली नव्हती. तिचं एकच पाकीट ठरलेलं, मरून. तेव्हा ती गाडी ही गाडी नव्हे. त्यानं चौथा स्क्रू पिळला.

तेवढ्यात कुंदाबाई बाजारातून आली. पिशवी ओट्यावर ठेवून तिनं कनवटीतून एक पाकीट काढलं.

“मरून सरी गयी दुकानमा. टिकलीवाली सुनंदाबाईनी सांगं, आते ही चालस. पाहा बरं, कशी दिसस?”

हिरवी होती. मधे चमकीचा खडा होता.

भटूनं ते पाकीट तिच्या हातातून हिसकावलं आणि गटारीत फेकलं. त्याला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, सेल्फ, गोंदण, दरवाजा, सगळं. त्यानं तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत त्या तोंडातून जे बाहेर पडायची सवय होती तेच बाहेर पडलं.

“या वयमा खडा लावीसन कोणले दाखाडनं शे? नाचनं शे का बाजारमा?”

गल्लीतल्या दोन बायकांनी ते ऐकलं. कुंदाबाईचा चेहरा आधी उतरला आणि मग कडक झाला.

“काय व्हयनं ते सांग,” ती हळूच म्हणाली. “दोन दिवसथून तू नुसता वरडी ऱ्हायना. काय व्हयनं?”

“काही नही. तू उद्यापासून गाडीमा बसनं नही. बस म्हणजे बस.”

“आनि वांगा कोण निवडी? तू? तुले वांगं आनि दगड यामा फरक समजत नही.”

ती आत गेली. त्या संध्याकाळी शेवभाजी तिनं केली, पण ताट त्याच्यासमोर ठेवलं नाही, ओट्यावर ठेवलं. भटूला तेही बरं वाटलं. रागावली आहे तर उद्या ती येणार नाही, असा त्यानं हिशेब केला.

५

सकाळी त्यानं हाशमभाईला फोन लावला.

“मन्ही गाडी लई येस. आजच काप. मन्हा समोर काप.”

“अरे, का भाऊ? चालू गाडी?”

“काप म्हणस ना.”

“आणा मग,” हाशमभाई म्हणाला. “मागं ताडपत्रीची जागा रिकामीच आहे. तिथंच लावू.”

भटूला विचारायचं होतं, रिकामी कशी? तिथली गाडी कुठं गेली? पण तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता.

तो बाहेर आला तर कुंदाबाई गाडीत बसलेली. कडाक्याची थंडी होती. तिनं शाल कपाळावरून पार भुवयांपर्यंत ओढून घेतली होती आणि डाव्या हातात दोरीचा फास होता. फोन तिनं ऐकला होता.

“उतर खाले.”

“नही उतरस. मन्ह्या पाटल्या मोड्यात तव्हय उनी ही गाडी. आर्धी मन्ही शे. कापनी व्हई ते मन्हा आर्धा भाग बाजूले काढीसन काप.”

त्यानं तिचा दंड धरून ओढला. समोरच्या ओट्यावर माणसं उभी राहून बघायला लागली. तिनं त्याचा हात झटकला आणि कडी सरकवली. भटू गाडीला वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसला. टिकली गटारीत गेली, त्यानं स्वतःला समजावलं. खड्याची टिकली नाही म्हणजे काहीच नाही. हळू जाऊ. कडी आहे, दोरी आहे. एकदा हाशमभाईच्या फाटकातून आत गेलो की संपलं. दुरुस्त केलेला सेल्फ पहिल्याच चावीला सुरू झाला.

पारोळ्यापर्यंत तो इतका हळू गेला की मागून येणारे ट्रकवाले शिव्या देऊन पुढं गेले. भटूनं उलट एकही शिवी दिली नाही. एरंडोलला तो चहाला थांबला नाही. कडी खडखडत होती. मधेच काहीतरी टिणकन खाली पडलं आणि पत्र्यावरून घरंगळत गेलं.

“काय पडनं?”

“माले काय माहीत? तुन्ही गाडी शे, तुन्हं भंगार शे.”

“दोरी धर.”

“धरेल शे ना.”

पाळधी मागं पडली तशी समोर नदीवरच्या धुक्याची पट्टी दिसायला लागली. गिरणेचा पूल जवळ आला होता. पलीकडे जळगाव. आणखी एक स्क्रू पडला. भटूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, कडी एका बाजूनं लोंबत होती.

“दोरी धर, म्हणस ना तुले. घट्ट धर.”

“पारोळापासून तेच. दोरी धर, दोरी धर. मी काय खुटाले बांधेल गाय शे?” इतका वेळ दाबून ठेवलेलं आता तिच्या तोंडातून सुटलं. “गल्लीसमोर माले काय बोलना तू? नाचनं शे का म्हणे. इतला वरीस तुन्हं ऐकं, तुन्हा धंदा सांभाळा, धक्का मारा तुन्हा गाडीले, आनि एक टिकली लिधी ते ती गटारमा? थांबाड गाडी. माले उतरनं शे.”

कालपासून त्याला तेच हवं होतं, तिनं उतरावं. पण मागं टँकर चिकटला होता, बाजूला कठडा सुरू झाला होता, आणि उतरायचं म्हणजे तिनं त्या दरवाजातून उतरायचं. त्यानं ब्रेक लावायच्या ऐवजी ॲक्सिलेटर दाबला, पूल एकदा पार व्हावा म्हणून.

“चूप बठ!”

“थांबाड म्हणस ना मी.” रागानं तिला उकडायला लागलं होतं. तिनं उजव्या हातानं शाल मागं सारली.

तिच्या कपाळावर हिरवी टिकली होती. मधे खडा चमकत होता. पाकीट गटारीत पडलं, पण त्याआधी तिनं एक लावून पाहिली असणार, दुकानातच, सुनंदाबाईच्या समोर, आरशात. घरी येऊन त्याला विचारलं ते त्यानंतर. कशी दिसते. आणि भटूनं पाकिटाकडे पाहिलं होतं, तिच्या कपाळाकडे पाहिलंच नव्हतं.

“हाईच पाहिजे ना तुले? ले.”

तिनं नखानं टिकली उचलली. ती डाव्या हातात घेतली, आणि त्यासाठी दोरीचा फास सोडून दिला. दरवाजाच्या आत, मरून ओळीच्या शेवटी, ती अंगठ्यानं दाबून बसवू लागली. नेहमीसारखंच, अगदी नीट. शेवटचा स्क्रू खाली पडला. पुढं पूल उजवीकडे वळत होता.

आयुष्यात पहिल्यांदा भटूच्या तोंडून तिचं नाव हळू आवाजात निघालं.

“कुंदा. दोरी.”

त्याचा तसला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. इंजिनाच्या घरघरीत तो कोणाचा आहे, हे तिला ओळखू आलं नाही, आणि तिनं मान वळवली नाही.